साडेसहाशे शब्दांत पनवेल

फराळाचे डबे भरायचे दिवस आणि परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरायचे दिवस एकच. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपते. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांची पहिली मुदत १ नोव्हेंबर, कॅलिफोर्निया विद्यापीठाची नोव्हेंबरअखेर, आणि एम.एस.चे बरेचसे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणून नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर इथल्या कितीतरी घरांत दिवाळीच्या सुट्टीत एक मूल लॅपटॉपसमोर बसलेलं असतं. गुणपत्रिका स्कॅन झालेल्या असतात, टोफेल किंवा आयईएलटीएस देऊन झालेली असते, पासपोर्ट आलेला असतो. सगळं अडतं एका रिकाम्या चौकटीपाशी. तिथे विद्यापीठाने म्हटलेलं असतं: स्वतःबद्दल सांगा.

अमेरिकेतल्या हजाराहून अधिक कॉलेजांचा सामाईक अर्ज, म्हणजे कॉमन अ‍ॅप, या चौकटीत जास्तीत जास्त साडेसहाशे शब्द लिहू देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देतं आणि त्यांतल्या चारांची प्रत्येकी साडेतीनशे शब्दांत उत्तरं मागतं. एम.एस.ला जाणाऱ्याकडून 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' हवं असतं. त्याला पनवेलपासून पिट्सबर्गपर्यंत सगळेच एसओपी म्हणतात. बर्कली तर एसओपीच्या जोडीला आयुष्याचा वेगळा वृत्तांतही लिहायला लावतं. घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: एवढे चांगले मार्क आहेत, मग हे कशाला?

प्रश्न रास्त आहे. बारावीपर्यंतच्या एकाही परीक्षेने त्या मुलाला स्वतःबद्दल काही विचारलेलं नसतं. एमएचटी-सीईटी पर्सेंटाइल सांगते, जेईई रँक सांगते. कॅप राउंडमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो, पण त्यातलं पहिलं कॉलेज पहिलं का, हे कुणी विचारत नाही. या पद्धतीची जमेची बाजू मोठी आहे. यादी सगळ्यांना दिसते, कट-ऑफ सगळ्यांना कळतो, आणि कुणाची ओळख किती हे त्या यादीत मोजलं जात नाही. देशात अशोका विद्यापीठासारख्या थोड्या ठिकाणी प्रवेशाच्या अर्जात निबंध मागतात. ते सोडले तर, आपण कोण आणि कशासाठी शिकतो आहोत, हे लिहायची पहिली वेळ परदेशी अर्जाच्या निमित्ताने येते. तीही इंग्रजीत, आणि मुदत चार दिवसांवर आलेली असताना.

मराठीच्या तासाला 'मी' लिहिलेलाच नसतो, असं मात्र नाही. दहावीच्या लेखनकौशल्यात प्रसंगलेखन आणि वैचारिक निबंधाबरोबर आत्मकथन असतंच. पण ते नदीचं असतं, फाटक्या पुस्तकाचं असतं, पडक्या किल्ल्याचं असतं. पनवेलमधून गाढी नदी वाहते. तिच्यावरच्या देहरंग धरणाचं पाणी पनवेलकर पितात. इथलं मूल परीक्षेत नदीचं आत्मकथन लिहितं तेव्हा ती नदी मात्र कुठल्या तरी उंच डोंगरात उगम पावते, खळाळत मैदानात येते, आणि शेवटी माणसाला प्रदूषणाबद्दल दोन शब्द सुनावते. त्यात गाढी नसते, देहरंग नसतं, उन्हाळ्यात सोसायटीत येणारा टँकर नसतो. गाइडमधली नदी लिहिली की गुण मिळतात. दहा वर्षं दुसऱ्याच्या तोंडून 'मी' म्हणण्याचा असा सराव झाल्यावर स्वतःच्या तोंडून 'मी' कसा निघावा? ज्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, त्या भाषेच्या वर्गात मुलांना स्वतःचं लिहायला बसवू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठी माणसाने विद्यापीठाला लिहिलेल्या अशा निवेदनाचा विचार करायचा, तर सर्वांत ठळक उदाहरण पनवेलच्या शेजारचंच आहे. ते आहे कल्याणचं.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी टपालखात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या: अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधलं श्रीरामपूर. पत्नीला शिकवायचंच, हा ध्यास त्यांनी कुठेही सोडला नाही. १८७८मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून अमेरिकेत पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितलं. वाइल्डरांनी धर्मांतर सुचवलं, आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो अंक १८८०मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत असताना वाचला आणि त्या जोशी दांपत्याला पत्रं लिहू लागल्या. परदेशी प्रवेशाच्या इतिहासातला हा फार मोलाचा योगायोग आहे. पहिल्या अर्जाला मिळालेलं उत्तर निराश करणारं होतं, पण छापून आल्यामुळे तो अर्ज योग्य माणसाच्या हाती पडला.

यापुढचा भाग आजच्या अर्जदाराने नीट वाचावा असा आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई लोकांसमोर इंग्रजीत बोलल्या. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. त्यांना वारंवार विचारले जाणारे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? तिकडे काही आपत्ती आली तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करावंस? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हेही त्यांनी तिथे सांगितलं. ब्रिटनच्या यूकॅस या प्रवेशसंस्थेने २०२६च्या प्रवेशांपासून सलग निवेदनाऐवजी तीन नेमके प्रश्न ठेवले आहेत. हाच विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुम्हाला कसं तयार केलं, आणि वर्गाबाहेर तुम्ही काय केलं. एवढी सोपी विचारणा श्रीरामपूरच्या सभागृहातल्या त्या मुलीच्या वाट्याला आली नव्हती.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. २८ जून १८८३ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. ते पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पत्राचा सूर कुठेही विनवणीचा नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्या आधीच मान्य करतात. प्रकृती चांगली आहे, असं सांगतात. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने इथवर आले तोच निर्धार अभ्यासातही उपयोगी पडेल, असा युक्तिवाद करतात. आणि मग मुद्द्यावर येतात. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत पोहोचवणं हाच आपला हेतू आहे. ज्या परिच्छेदामुळे हे पत्र आजवर वाचलं जातं, त्यात दहा दिवसांच्या त्या बाळाचा उल्लेख नाही. आपलं दुःख पुढे करून दया मिळवायची संधी होती. त्यांनी त्या जागी इतर बायकांची अडचण मांडली. वाचणाऱ्याला त्या दुःखाची माहिती नसली तरी लिहिणारीला हा प्रश्न आतून माहीत आहे, हे त्याला कळतं.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली होत्या. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र, म्हणजे अर्जात जो हेतू लिहिला होता त्याच्याच वाटेवरचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने त्यांना गाठलं, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचं निधन झालं.

आनंदीबाईंनी पत्र लिहिलं तेव्हा अमेरिकेतही अशा निबंधाचा रिवाज नव्हता. तो आला पुढे, विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच दशकांत, आणि त्याचा उगम उजळ नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले होते. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १९२२मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो उघडपणे मंजूर होईना, तेव्हा गुणांबरोबर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहायची पद्धत रूढ झाली. फोटो, वडिलांचा व्यवसाय, शिफारसपत्रं, मुलाखत हे सगळं अर्जात शिरलं, आणि अर्जदाराचा निबंधही त्याच ओघात स्थिरावला. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५च्या आपल्या ग्रंथात हा इतिहास बारकाईने मांडला आहे.

ज्याने दार लावून घ्यायचं, त्याच साधनाने ते उघडलंही जातं. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करायला मनाई केली. पण वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिलं तर ते वाचायला हरकत नाही, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच नोंदवलं. तेव्हापासून त्या चौकटीचं वजन आणखी वाढलं आहे. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांतले बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले किंवा पदवीनंतरच्या प्रशिक्षणकाळात असलेले. म्हणजे एसओपी लिहून गेलेले.

एसओपीची सर्वांत घासलेली सुरुवात प्रत्येक वाचकाला पाठ असेल: लहानपणापासूनच मला संगणकाचं आकर्षण होतं. दुसरी सुरुवात अब्दुल कलामांच्या किंवा स्टीव्ह जॉब्जच्या वाक्याने होते. २००७मध्ये यूकॅसने सुमारे पन्नास हजार निवेदनं संगणकावर ताडून पाहिली, तेव्हा २३४ जणांनी एकच आठवण लिहिलेली सापडली. आठव्या वर्षी रसायनांच्या खेळाने पायजम्याला भोक पाडलं, आणि तिथून विज्ञानाची ओढ लागली. कुणा एकाचा पायजमा खरोखर जळला असेल. बाकीच्यांनी तो नमुना म्हणून उतरवून घेतला. या मुलांकडे स्वतःचं काही नव्हतं, हे पटत नाही. आपलं जे आहे ते लिहिण्याजोगं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पनवेलच्या मुलाकडे काय काय आहे, ते मोजायला बसलं तर साडेसहाशे शब्द पुरणार नाहीत.

पनवेल नगरपालिका १८५२ची, महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ला. खाडीतून चालणारा भाताचा व्यापार, आयुर्वेदिक औषधांचा १८७२पासूनचा कारखाना, शहराबाहेर कर्नाळ्याचा सुळका, तालुक्यातलं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, ही जुनी ओळख. १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली आणि भातशेतीचे आणि मिठागरांचे तुकडे सेक्टरच्या क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात जानेवारी १९८४मध्ये उरण परिसरात गोळीबारात पाच माणसं गेली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळाला तो त्या लढ्यामुळे. आता उलव्याजवळ विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. सुमारे ११६० हेक्टरच्या त्या जागेसाठी उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला, नदीचा प्रवाह वळवला, आणि दहा गावं उठवली.

त्या दहांपैकी एखाद्या गावातलं मूल आज अठरा-वीस वर्षांचं असेल. जुन्या अंगणाची त्याला आठवण आहे, नव्या प्लॉटवरची इमारत त्याच्यासमोर उभी राहिली आहे, घरात कागदपत्रांची पिशवी आहे आणि पात्रतेच्या याद्यांवरून काका-पुतण्यांत झालेले वाद त्याने ऐकले आहेत. त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग किंवा नगररचना शिकायची असेल, तर डोंगर सपाट करताना भरतीचं पाणी कुठे जातं आणि पुनर्वसनात स्मशानाची, देवळाची, मासेमारीच्या वाटेची जागा कोण ठरवतं, हे प्रश्न त्याला पाठ्यपुस्तकाआधी भेटलेले आहेत. तळोजाच्या औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्या मुलीकडे कासाडी नदी आहे. ऑगस्ट २०१७मध्ये तिथे रस्त्यावरची कुत्री रंगाच्या सांडपाण्याने निळी झालेली दिसली आणि ती छायाचित्रं जगभर गेली. जगाने ती आठवडाभर पाहिली. त्या मुलीने नदीचा वास वर्षानुवर्षं सोसला आहे. रसायनशास्त्र शिकून सांडपाणी शुद्ध करायचं आहे, असं तिने लिहिलं तर त्या वाक्यामागे कासाडी असेल.

इथे एक सावधगिरी हवी. दुःख जितकं मोठं तितका निबंध बळकट, असा समज या क्षेत्रात पसरला आहे. आजोबांचा मृत्यू, वडिलांची सुटलेली नोकरी, आजारपण, यांतलं काही सापडतंय का हे आधी शोधलं जातं. ज्यांचं बालपण सुखात गेलं त्या मुलांना वाटतं, आपल्याकडे लिहायला काहीच नाही. ज्यांनी खरंच सोसलं, त्यांना ते परक्यासमोर उघडं करायला भाग पाडलं जातं. हे दोन्ही अन्यायाचं आहे. आनंदीबाईंच्या पत्राकडे पुन्हा पाहावं. त्यांनी स्वतःकडून जेवढं आवश्यक तेवढंच दिलं आणि कामाकडे बोट दाखवलं. हार्बर लाइनने रोज सीएसएमटी गाठणाऱ्या मुलाने दीड तासाच्या प्रवासात गाड्यांच्या वेळापत्रकाचा स्वतःचा हिशेब मांडला असेल, तर तेही पुरेसं आहे. प्रवेश-समितीला बघायचं असतं ते एवढंच, की हे मूल एखाद्या गोष्टीकडे किती वेळ, किती नीट पाहू शकतं.

एसओपीत तर हे पाहणं आणखी कोरडं आणि नेमकं लागतं. बीई प्रोजेक्टमध्ये काय केलं, काय चुकलं, आकडे काय आले, त्यातून कोणता प्रश्न उरला, आणि तो सोडवायला याच विभागातल्या कोणत्या प्रयोगशाळेची गरज आहे. पण आपल्याकडे चौघांच्या गटात प्रोजेक्ट एकाने केलेला, कधी विकत आणलेला. मग एसओपीत लिहिणार काय? निबंधाचं दुखणं अनेकदा निबंधाच्या आधी तीन वर्षांपासून सुरू झालेलं असतं.

शिफारसपत्राचंही तसंच. एकेका प्राध्यापकाकडे साठ-सत्तर मुलांचा वर्ग, वर प्रशासनाची कामं. एलओआर, म्हणजे हे पत्र, मागायला गेलेल्या मुलाला सांगितलं जातं, मसुदा तूच करून आण, मी सही करतो. मूल स्वतःबद्दल तृतीयपुरुषी स्तुती लिहून नेतं. सगळीकडे असंच चालतं म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण ज्या विद्यापीठाला वाचायला विद्यार्थ्याचा एक आवाज आणि शिक्षकांचे दोन-तीन आवाज हवे आहेत, त्याला एकच आवाज चार कागदांवर मिळतो.

या फटीत कन्सल्टन्सी उभ्या राहिल्या. प्रोफाइल तपासणं, 'सेफ' आणि 'अ‍ॅम्बिशस' अशी विद्यापीठांची यादी करणं, व्हिसाची कागदपत्रं लावणं, ही त्यांची कामं उपयोगाची आहेत. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी बाहेर चाललंय, त्या घराला आधार लागतोच. पण पॅकेजमध्ये 'एसओपी लिहून मिळेल' ही ओळ येते तिथे गोष्ट बिघडते. एक साचा, त्यात प्रत्येकाचं नाव, कॉलेज, प्रोजेक्ट. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि साचा फुकट झाला. कॉमन अ‍ॅपने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीच्या नियमात घातलं आहे. शिक्षेची भीती बाजूला ठेवली, तरी नुकसान दिसतंच. मोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत तळोजाबद्दल लिहिणारी मुलगी त्या यंत्राकडे मसुदा देते, आणि परत येतो तो गुळगुळीत मजकूर, ज्यातून कासाडी नाहीशी झालेली असते.

यावर एक उपाय साधा आहे. पहिला मसुदा मराठीत लिहावा. घरी ज्या शब्दांत आईला सांगितलं असतं त्या शब्दांत, शब्दमर्यादा न पाळता. मग त्यातलं एकच प्रकरण उचलावं आणि इंग्रजीत नव्याने लिहावं. व्याकरण कुणाकडूनही तपासून घ्यावं, पण आठवण, क्रम आणि निष्कर्ष यांना दुसऱ्याचा हात लागू देऊ नये. साडेसहाशे शब्दांत एक दुपार मावते, पूर्ण आयुष्य मावत नाही.

शिष्यवृत्त्यांचे दरवाजेही अशाच लेखनातून जातात. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. आज महाराष्ट्र शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं. पण तिचा लाभ घ्यायचा तर आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात हवा, आणि तो निबंधावाचून मिळत नाही. म्हणजे घरात इंग्रजी नसलेल्या, कन्सल्टन्सीचे पैसे नसलेल्या मुलाची खरी परीक्षा शिष्यवृत्तीच्या बरीच आधी होऊन गेलेली असते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावचे, शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे यांनी नेमकी हीच जागा हेरली. त्यांनी एकलव्य ही संस्था सुरू केली ती घरातल्या शिकणाऱ्या पहिल्या पिढीला उच्चशिक्षणापर्यंत नेण्यासाठी. पुढे २०२१मध्ये ते स्वतः ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकायला गेले. चेव्हनिंगच्या अर्जात चार निबंध असतात: नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमधला अभ्यासक्रम का हवा, आणि पुढे काय करणार. शेतमजुराच्या किंवा भटक्या समाजातल्या घरातल्या मुलाला 'नेतृत्व' म्हटलं की भाषण ठोकणारा पुढारी आठवतो. गावात रेशनचं कार्ड मिळवून देण्यासाठी त्याने तहसीलला मारलेल्या खेपा म्हणजेच नेतृत्व, हे त्याला शेजारी बसून सांगावं लागतं. एकलव्यच्या कामात आधी शिकून पुढे गेलेले विद्यार्थी नंतरच्यांना अर्जासाठी मार्गदर्शन करतात, निवेदनं वाचतात, परत लिहायला लावतात.

पनवेलला अशी माणसं कमी नाहीत. इथून गेलेली मुलं आज बॉस्टनमध्ये, म्युनिकमध्ये, मेलबर्नमध्ये आहेत, आणि दिवाळीत व्हिडिओ कॉलवर घरच्यांशी बोलतात. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या जुन्या कॉलेजातल्या दोन मुलांचे मसुदे वाचायचे ठरवले, आणि शहरातल्या एखाद्या वाचनालयाने सप्टेंबरपासून दर रविवारी एक खोली त्यासाठी उघडी ठेवली, तर ऑक्टोबरच्या पहिल्या मुदतीपर्यंत चार-पाच बैठका सहज होतात. पहिल्या बैठकीला मुलांनी मराठीतला मसुदा घेऊन यावं. इंग्रजीचं काम तिसऱ्या बैठकीपासून.